चक्रीवादळानंतर सुंदरबनातल्या शाळांसाठी काम करायचंय? मग थोडं थांबून निघा

मे महिना उजाडला, बंगालच्या उपसागरात कमी दाबाचा पट्टा तयार झाल्याची बातमी आली, की पाठोपाठ फोन सुरू होतात. "आम्ही दहा-बारा जण आहोत, दोन टेम्पो सामान जमलंय, कधी निघू?" उत्तर बहुतेक वेळा एकच असतं: आत्ता नको. ऐकणाऱ्याचा हिरमोड होतो, कधी रागही येतो. पण वादळानंतरच्या पहिल्या पंधरवड्यात बेटांवर मदतीच्या होड्यांची रांग लागते आणि दुसऱ्या वर्षी तिथे कुणी फिरकत नाही, हे इतक्यांदा घडलंय की नवख्या माणसाला आधी हेच सांगावं लागतं. तुमचा उत्साह दुसऱ्या वर्षापर्यंत पुरेल अशा बेताने कामाची आखणी करा. ती कशी करायची, ते पुढे सांगतो.

आधी जागा समजून घ्या

भारताच्या बाजूच्या सुंदरबनात १०२ बेटं आहेत. त्यांतल्या ५४ बेटांवर वस्ती आहे, बाकीच्यांवर जंगल. दक्षिण आणि उत्तर चोवीस परगणा या दोन जिल्ह्यांतले १९ ब्लॉक, म्हणजे आपल्याकडच्या तालुक्यासारखे विभाग, मिळून हा प्रदेश होतो. वस्तीची बेटं मातीच्या बांधांनी घेरलेली आहेत आणि या बांधांची एकूण लांबी सुमारे ३,५०० किलोमीटर भरते. इंग्रजी अमदानीत जंगल तोडून जमीन लागवडीखाली आणली, तेव्हा नदीचा गाळ साचून जमीन पुरती वर यायच्या आधीच बांध घातले गेले. त्यामुळे आजही कित्येक गावं भरतीच्या पाण्याच्या पातळीखाली आहेत. बांधावर उभं राहिलं की एका हाताला नदी वर आणि दुसऱ्या हाताला भातशेती खाली दिसते. बांध फुटला की काय होतं, ते वेगळं सांगायला नको.

म्हणून इथे वाऱ्याच्या वेगापेक्षा तिथी महत्त्वाची. २५ मे २००९ ला 'आयला' भरतीच्या वेळी आलं आणि बांध ठिकठिकाणी फुटले. २० मे २०२० चं 'अम्फान' ऐन लॉकडाउनमध्ये बक्खालीजवळ धडकलं. २६ मे २०२१ चं 'यास' तर जमिनीवर आलं ओडिशात, पण त्या दिवशी पौर्णिमा होती. उधाणाच्या भरतीवर वादळाचं पाणी चढलं आणि सागर, घोडामारा, मौसुनी या बेटांवर पाणी शिरलं. नकाशावर वादळ लांबून गेलेलं दिसलं म्हणून गाफील राहू नका, आधी पंचांग बघा. आणि हा धोका फक्त मेपुरता नाही. पावसाळा सरल्यावर दुसरा हंगाम सुरू होतो. 'बुलबुल' ९ नोव्हेंबर २०१९ ला आलं होतं.

खारं पाणी ओसरतं, मीठ मात्र मागे राहतं. घराशेजारच्या तळ्यातले रोहू-कातला मासे मरून पांढरी पोटं वर करून तरंगायला लागतात आणि उन्हात दोन दिवसांत असा वास सुटतो की तळ्याच्या काठाने चालवत नाही. त्याच तळ्यावर भांडी घासायची, अंघोळ करायची, गुरांना पाणी पाजायचं. शेतातलं मीठ धुऊन जायला दोन-तीन पावसाळे लागतात. तेवढ्या काळात घरातला कर्ता माणूस केरळ नाहीतर तामिळनाडूत बांधकामावर जातो. आई नदीत छातीभर पाण्यात उभी राहून बागदा कोळंबीची पिल्लं गोळा करते. त्याला तिथे 'मीन धरणं' म्हणतात. मोठी मुलगी धाकट्यांना सांभाळते किंवा आईबरोबर जाळं ओढते. शाळेच्या हजेरीपटावर हे सगळं दिसायला सहा-आठ महिने लागतात. तोवर मदतीच्या होड्या परत गेलेल्या असतात.

पहिला महिना: घरी बसून करायची कामं

सुरुवातीच्या दिवसांत बचाव, अन्न आणि औषधं पोचवण्याचं काम प्रशासनाचं आणि आधीपासून बेटावर असलेल्या संस्थांचं असतं. होड्या मोजक्या, जेट्टी मोडलेल्या, पिण्याचं पाणी तुटपुंजं. बाहेरून आलेले दहा जण म्हणजे प्यायला-झोपायला आणखी दहा माणसं.

या काळात तुम्ही पैसे उभे करा आणि ज्यांच्यामार्फत काम करायचं ती संस्था नीट तपासून घ्या. संस्था निवडताना मी दोनच गोष्टींवर अडून बसतो. एक, तिचा माणूस त्या बेटावर राहतो का? कोलकात्यात कार्यालय असणं वेगळं आणि बेटावर बिऱ्हाड असणं वेगळं. दोन, मागच्या वादळानंतर वर्षभराने ती संस्था तिथे काय करत होती? पहिल्या आठवड्याचे फोटो सगळ्यांकडे असतात, तेराव्या महिन्याचे मागा. बाकी नोंदणी, आयकर सवलतीची बारा-ए आणि ८०जी प्रमाणपत्रं, एनजीओ दर्पण या सरकारी पोर्टलवरचा क्रमांक, लेखापरीक्षण झालेला ताळेबंद ही कागदपत्रं तर पाहायचीच.

देणगीदारांना सुरुवातीलाच सांगून टाका की ८०जीची सवलत पैशाच्या देणगीवर मिळते. धान्य, कपडे अशा वस्तूंवर मिळत नाही. २,००० रुपयांच्या वरची रोख रक्कमही त्यात धरली जात नाही. परदेशातल्या नातेवाइकांचे पैसे हा आणखी नाजूक भाग. भारतीय पासपोर्ट असलेला माणूस आपल्या बचतीतून बँकेमार्फत देत असेल तर ती परकीय देणगी ठरत नाही. पण परदेशी नागरिकत्व घेतलेला भाऊ, मग त्याच्याकडे भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं ओसीआय कार्ड असलं तरी, परकीय देणग्यांच्या एफसीआरए कायद्याच्या दृष्टीने परकीय स्रोतच. त्याचे पैसे एफसीआरए नोंदणी असलेल्या संस्थेलाच घेता येतात आणि तेही तिच्या दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या ठरलेल्या खात्यातच. शिवाय २०२० च्या दुरुस्तीनंतर अशी संस्था ते पैसे दुसऱ्या संस्थेकडे वळवू शकत नाही. "माझ्या खात्यावर टाक, मी पुढे देतो" हा प्रकार इथे अजिबात करू नका.

कपड्यांचं तेवढं स्पष्ट सांगतो: जुने कपडे गोळा करू नका. प्रत्येक वादळानंतर बांधावर भिजलेल्या जीन्स, लग्नातले शेरवानी आणि एकेकट्या बुटांचे ढीग पडतात. ते तिथून उचलून जाळणं हे गावावर वाढलेलं काम. कपडे द्यायचेच असतील तर नव्या साड्या, लुंग्या, गमछे आणि मुलींसाठी अंतर्वस्त्रं द्या, आणि तीही सुंदरबनाच्या वेशीवरच्या कॅनिंग गावच्या बाजारातून घ्या. त्या बाजारालाही वादळाचा फटका बसलेला असतो.

बेट आणि शाळा निवडताना

मदत घाटापाशी साचते. जेट्टीजवळच्या घरांना एकाच आठवड्यात पाच वेळा चिवडा-गूळ मिळतो आणि तासभर आत चालत गेल्यावर लागणाऱ्या पाड्यात कुणीच पोचलेलं नसतं. म्हणून 'कुठलं बेट' याच्या आधी 'बांध कुठे फुटला' हे विचारा आणि फुटलेल्या जागेला सगळ्यात जवळ कोणती शाळा आहे ते शोधा. बीडीओ, म्हणजे गटविकास अधिकाऱ्यांच्या, ऑफिसमध्ये आणि पंचायतीच्या प्रधानांकडे ही माहिती असते. ब्लॉकला आधी कळवून जाण्याचा आणखी एक फायदा म्हणजे एकाच शाळेवर तीन संस्था तुटून पडत नाहीत.

एक शाळा घ्या. दोन वर्षांसाठी घ्या. नवखे लोक "पाच शाळांना प्रत्येकी थोडं थोडं" अशी आखणी घेऊन येतात. कागदावर ती चांगली दिसते, पण दुसऱ्या वर्षी त्यातली एकही शाळा त्यांना नावाने ओळखत नाही.

शाळा हेच केंद्र का, याचं उदाहरण सुंदरबनातच आहे. तुषार कांजिलाल हे गोसाबा भागातल्या रांगाबेलियाच्या हायस्कूलचे मुख्याध्यापक होते. मुलं उपाशीपोटी शाळेत येतात हे बघून ते शेतीकडे, सिंचनाकडे, बायकांच्या बचत गटांकडे वळले आणि टागोर सोसायटी फॉर रूरल डेव्हलपमेंटचं मोठं काम तिथून उभं राहिलं. १९८६ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. बेटावरच्या मुख्याध्यापकाला कोणाच्या घरात काय चाललंय हे सगळं ठाऊक असतं. त्यामुळे त्यांच्याशी तुमचं कसं जमतं, यावर पुढची दोन वर्षं अवलंबून आहेत.

पोचायचं कसं

गोसाबा भागासाठी सियालदाहून कॅनिंग लोकल, पुढे रस्त्याने गदखाली, तिथून होडीने पलीकडे गोसाबा. आतल्या बेटांसाठी पुन्हा भुटभुटी, म्हणजे डिझेल इंजिनाची लाकडी होडी, आणि उतरल्यावर टोटो, म्हणजे बॅटरीवरची रिक्षा, किंवा मोटर-व्हॅन. सागर बेटासाठी काकद्वीपजवळच्या लॉट नंबर आठच्या जेट्टीवरून मुरीगंगा ओलांडावी लागते; गाळ इतका साचलाय की ओहोटीला फेरी काही तास बंद राहते. मौसुनीला नामखान्याहून जातात.

वेळापत्रक घड्याळाचं नसून भरती-ओहोटीचं असतं. भरतीची वेळ रोज साधारण पन्नास मिनिटं पुढे सरकते. ओहोटीला पोचलात तर होडी काठाला लागत नाही. गुडघाभर चिखलातून सामान डोक्यावर घेऊन चढावं लागतं आणि त्या चिखलात बूट घालून उतरणाऱ्याचा बूट तिथेच राहतो. जड सामान न्यायचं असेल तर होडीवाल्याला आदल्या दिवशी विचारून भरतीची वेळ गाठा. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपासचे दोन-तीन दिवस मुक्काम टाळा. दुरुस्त न झालेला बांध तेव्हाच पुन्हा फुटतो, आणि तुम्ही अडकलात की गावाला तुमची सोय बघावी लागते.

वस्तीच्या बेटांवर जायला वनखात्याची परवानगी लागत नाही. व्याघ्र प्रकल्पाच्या खाड्यांत शिरायचं तर लागते. "जाता जाता वाघ बघू" हा बेत वेगळ्या सहलीसाठी ठेवा. लाइफ जॅकेट आपापलं न्या. आणि मच्छरदाणी विसरू नका. पाण्याने बिळं भरली की साप कोरड्या जागेवर येतात, आणि शाळेची ओसरी ही गावातली सगळ्यात कोरडी जागा. मण्यार, तिथल्या बोलीत कालाच, रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते आणि बऱ्याचदा चावल्याचं कळतही नाही. चांगली खोचलेली मच्छरदाणी तिच्यापासूनही वाचवते.

पहिली भेट: रिकाम्या हाताने

पहिल्या भेटीत काही वाटू नका. वही घेऊन जा. हातात पिशव्या दिसल्या की बोलणं मदतीच्या यादीवरच अडकतं.

शाळेत बहुधा अजून कुटुंबं राहत असतील. पक्की, दुमजली इमारत गावात तेवढीच असते, त्यामुळे वादळात सगळे तिथेच येतात. वर्गात चुली, बाकांवर अंथरुणं, फळ्यावर शिधा घेणाऱ्यांची नावं. शाळा सुरू होत नाही याचं पहिलं कारण पडलेलं छप्पर असेलच असं नाही. त्या कुटुंबांना परत जायला घर नाही, हेही असू शकतं. अशा वेळी शाळेसाठी करायचं पहिलं काम म्हणजे आठ-दहा घरांना ताडपत्री, बांबू आणि दोर. देणगीदाराला हे 'शिक्षणावरचा खर्च' म्हणून पटवताना घाम फुटतो, पण तो तसाच आहे.

मुख्याध्यापकांना, म्हणजे तिथल्या भाषेत मास्टारमोशायना, काय विचाराल? हजेरीपट वाचला का? कोणत्या वर्गातली मुलं येत नाहीत, आणि त्यांतल्या मुली किती? मध्यान्ह भोजनाचा तांदूळ भिजला का, स्वयंपाकाची भांडी आहेत का? नळकूप, म्हणजे हातपंप, पाण्याखाली गेला होता का? शौचालयाला दार आहे का? सरकारकडून काय मंजूर झालंय? हा शेवटचा प्रश्न विसरू नका. प्राथमिकची पाठ्यपुस्तकं सरकार मोफत देतं. भिजलेल्या पुस्तकांची मागणी सर्कलच्या एस. आय. ऑफिसमधून, म्हणजे शाळा निरीक्षकांकडून करता येते. जे अर्ज करून मिळतं ते विकत घेऊ नका. अर्ज लिहायला आणि त्याचा पाठपुरावा करायला मदत करा, ती जास्त उपयोगी पडते.

आणि शिक्षकांशी बोलून झालं की आयांशी वेगळं बोला, पुरुष आसपास नसताना, शक्यतो तुमच्या गटातल्या बाईने. शौचालय, पाळीचे कपडे, मुलींचं शाळेत जाणं याबद्दल खरं काय ते तिथेच कळतं.

मग द्यायचं काय

पाणी सगळ्यात आधी. या बेटांवर गोडं पाणी शेकडो फूट खोल आहे, वरचे थर खारे. बुडालेला हातपंप आधी बराच वेळ उपसून मग क्लोरिनने निर्जंतुक करावा लागतो आणि पाणी तपासल्याशिवाय मुलांना पाजायचं नाही. नवा पंप बसवताना त्याचा ओटा मागच्या पुराच्या रेषेच्या वर घ्या. ती रेषा शाळेच्या भिंतीवर दिसते. छपरावरचं पावसाचं पाणी साठवायची टाकी हा इथला सगळ्यात शहाणपणाचा खर्च आहे. तळं वापरात आणायचं तर खारं पाणी पंपाने उपसायचं, मेलेले मासे आणि गाळ काढायचा, चुना टाकायचा आणि पहिल्या पावसाची वाट बघायची. हे काम गावातल्याच लोकांना मजुरी देऊन करून घ्या.

छप्पर दुरुस्त करताना पत्रा किती जाड यापेक्षा तो कशाने धरलाय ते बघा. वादळात छपराच्या कडा, कोपरे आणि आढं इथे वारा पत्र्याला सगळ्यात जोराने वर खेचतो. म्हणून तिथे पत्रा धरून ठेवणारे जे-हुक दाट लावायचे, गॅल्व्हनाइज्ड घ्यायचे, कारण खाऱ्या हवेत साधं लोखंड फार टिकत नाही. मिस्त्री मधल्या भागाइतक्याच अंतरावर कडेलाही हुक मारून मोकळा होतो. तिथे उभं राहून बघा. बांधकाम मोठं असेल तर ब्लॉकच्या इंजिनिअरला दाखवल्याशिवाय आणि शाळेची लेखी संमती घेतल्याशिवाय हात लावू नका. पैसे शाळेच्या खात्यावर, कुणा शिक्षकाच्या खात्यावर नाही.

पुस्तकांबद्दल: मुलं बंगाली माध्यमात शिकतात. आपल्याकडची मराठी आणि इंग्रजी गोष्टींची पुस्तकं कितीही छान असली तरी तिथे धूळ खातील. नववी ते बारावीची संदर्भ पुस्तकं आणि लहानांसाठी बंगाली गोष्टीची पुस्तकं कोलकात्यात कॉलेज स्ट्रीटवर मिळतात. यादी मास्टारमोशायनी करायची, तुम्ही नाही.

कागद आणि मुलं

वादळात वाहून गेलेल्या गोष्टींमध्ये कागद कुणी मोजत नाही. आधार कार्ड, जन्मदाखला, माध्यमिकची, म्हणजे तिथल्या दहावीची, गुणपत्रिका आणि प्रवेशपत्र. कागद नसला की शिष्यवृत्ती अडते, बारावीचा अर्ज अडतो. एक लॅपटॉप, एक प्रिंटर, सौर पॅनेलवर चालणारी बॅटरी आणि दोन कॉलेजची मुलं घेऊन शाळेत दोन दिवस बसा. पोलिसांत डायरी नोंद, बोर्डाकडे दुय्यम प्रतीचा अर्ज, आधारची पुनर्छपाई, हे करून देणाऱ्याला गाव विसरत नाही.

आता गंभीर गोष्ट. वादळानंतर या भागातून मुलींची फसवून होणारी तस्करी वाढते. "दिल्लीत घरकामाची नोकरी आहे", "लग्नाचं स्थळ आहे, हुंडा नको" असं सांगणारे लोक मदतीच्या गर्दीतच मिसळून येतात. म्हणून तुमच्या गटातल्या प्रत्येकाची ओळख शाळेला आणि पंचायतीला आधी कळवा. कुठल्याही मुलाला कुणी एकट्याने कुठे नेणार नाही, हा नियम स्वतःच्या माणसांनाही लावा. एखादी मुलगी अचानक शाळेतून गायब झाली की १०९८ वर फोन करायचा, हे शिक्षकांना आणि मुलांनाही माहीत हवं. आणि फोटो: मदत हातात घेणाऱ्या मुलाचा चेहरा, नाव, गाव एकत्र समाजमाध्यमांवर टाकू नका. देणगीदाराला दुरुस्त झालेलं छप्पर दाखवा, तेवढं पुरतं.

दुसरं वर्ष

दुसऱ्या वर्षी ज्याची गरज असते ते फोटोत येत नाही. नववी-दहावीच्या मुलांसाठी संध्याकाळचे वर्ग, ते घेणाऱ्या गावातल्याच पदवीधर मुला-मुलींना नियमित मानधन. बाहेर मजुरीला गेलेल्या मुलाला परीक्षेपुरतं परत यायला रेल्वेचं भाडं. अशा छोट्या रकमा वर्षभर चालू ठेवणं मोठ्या देणगीपेक्षा अवघड जातं, म्हणून पहिल्या महिन्यात जमलेल्या पैशांतले किमान निम्मे यासाठी बाजूला काढा. देणगी मागतानाच तसं सांगा, नाहीतर लोक डिसेंबरमध्ये विचारतात की पैसे अजून पडून कसे.

घरची शेती उभी राहिली नाही तर मुलं परत येत नाहीत. खारं सहन करणारं भाताचं देशी बियाणं, नोना बोकरा, तालमुगुर, दूधेश्वर अशा वाणांचं, गावातल्या बियाणं राखणाऱ्या शेतकऱ्यांकडून घ्या. आमन, म्हणजे पावसाळी, भाताच्या रोपवाटिकेसाठी ते जूनमध्ये हातात हवं; ऑगस्टमध्ये पोचलेलं बियाणं शिजवून खाल्लं जातं. बांधाबाहेरच्या गाळपेरावर तिवरांची लागवड करायची असेल तर बायकांच्या गटाकडे रोपवाटिका आणि राखण दोन्हीचे पैसे द्या. रोप लावून फोटो काढणारे पुष्कळ आहेत. बकऱ्या आणि मीनची जाळी यांपासून ते दोन वर्षं जपणारे कमी आहेत.

पुढच्या मेच्या आधी

एप्रिलमध्ये शाळेत एक दिवस काढा. हजेरीपट, दाखले आणि मुलांच्या कागदांच्या प्रती झाकणाच्या प्लास्टिक ड्रममध्ये, वरच्या मजल्यावर. भोजनाचा तांदूळही तसाच. छपराचे हुक एकदा आवळून घ्या. निवाऱ्याला आलेल्या बायकांसाठी वेगळी खोली आणि तिला आतून कडी. क्लोरिनच्या गोळ्या, ओआरएस, दोन चालू टॉर्च. सर्पदंशावरचं प्रतिविष कोणत्या रुग्णालयात आहे आणि रात्री तिथे कोणती होडी नेईल, त्या होडीवाल्याचा फोन नंबर भिंतीवर तेलरंगात लिहा. कागदावरचा वाहून जातो.